डेड टाइम

सहावा मॉस्फेटही गेला.
आवाज काही मोठा नव्हता,
तव्यावर फुटाणा उडावा तेवढाच.
मग तो वास.
मच्छेहून परतताना बसमध्येही ओढणीला होता,
उद्यमबागेच्या स्टॉपवर शेजारच्या बाईनं
माझ्याकडे न बघता खिडकी सरकवली.

शिवलीला वहीत जळलेल्यांची नोंद ठेवते.
आरु, म्हणाली.
सहा, म्हणाले मी.
दोघींनी एकाच रकान्यात एकच आकडा लिहिला.

एका पायात दोन स्विच असतात,
एक वरचा, एक खालचा.
वरचा चालू असताना खालच्यानं गप्प राहायचं,
खालचा चालू असताना वरच्यानं.
दोघं एकदम बोलले
की सगळा प्रवाह सरळ खाली, आणि फुटाणा.
म्हणून मधे थोडा वेळ
दोघांनीही गप्प राहायचं.
ह्याला मराठीत काय म्हणावं?
मेलेला वेळ म्हणवत नाही.
त्याच्याच जिवावर बाकीचे जगतात.

पण किती वेळ गप्प?
बागेवाडी सर म्हणतात, कमी ठेवलीस तर राख,
जास्त ठेवलीस तर गळती,
आणि गळती कुणाला दिसत नाही,
नुसती कोपऱ्यात ऊब वाढत जाते.
दीडशे नॅनोसेकंदांपासून सुरुवात केली आम्ही.
खाली उतरताना
प्रत्येक दहाच्या पायरीवर श्वास धरून.

अर्जात लिहिलं होतं, 'लघुउद्योगांसाठी सौरऊर्जा'.
लिहिताना डोळ्यांपुढे आमचे वडगावातले दोन माग होते,
दुपारी व्होल्टेज पडलं की रडवेले होणारे.
अर्जात तसं लिहायचं नसतं.

रविवारी पिशवीतून इंडक्टर काढला,
बाबांच्या तेलकट टेबलावर ठेवला.
कांडी भरता भरता आईनं हात थांबवला.
"कुणी भरलं हे?"
"मी."
"ढिलं भरलंयस की गं. बघ, हितं पोट सुटलंय."
तिनं तार नखावर घेतली,
एकशेवीस बारीक तारांची वेणी, वर रेशीम.
"तांब्याला रेशीम कशाला?"
मी सांगितलं, फार जलद प्रवाह
तारेच्या कातडीवरूनच पळतो, आत शिरत नाही,
म्हणून एकीच्या ऐवजी अनेक.
"मग जाड तार वाया जाते म्हण की."
हेच.
हेच वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली होती.

तिनं सगळी उलगडली.
पायाच्या अंगठ्याला टोक अडकवून
ताण धरत, थुंकीचं बोट न लावता,
एकावर एक, अठ्ठावीस वेढे.
मोजत नव्हती.
माग थांबला होता, बाबा दारात उभे,
धोटा ह्या टोकाला, त्या टोकाला जायचं राहिलेलं.

मंगळवारी पंच्याऐंशी नॅनोसेकंदांवर
काटा स्थिर झाला. सत्त्याण्णव पॉइंट तीन.
तासभर कुणी खुर्चीवरून उठलं नाही,
शिवलीलानं तर टिफिनही उघडला नाही.
हजारातले सत्तावीस वॅट अजून जातातच.
ते कुठे जातात ते बघायला
तिनं हीटसिंकवर तळवा ठेवला, मग माझा ओढून ठेवला.
"बेच्चगिदे."
हो, ऊन आहे.
डिसेंबर होता. आम्ही हात लगेच काढले नाहीत.

अहवालाच्या तक्त्यात एक रकाना असतो,
'सुट्या भागांचे पुरवठादार'.
गेट ड्रायव्हर, कोअर, कपॅसिटर,
सगळ्यांपुढे बंगळूर, पुणे, एक तैवान.
वाइंडिंगपुढे मी लिहिलं,
द्वारका मुचंडीकर, वडगाव.

बागेवाडी सरांनी चष्मा वर केला.
"ह्यांचा जीएसटी नंबर?"

मी शिवलीलाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.
थोडा वेळ
दोघीही गप्प.

मग आधी ती बोलली.